माझं पोट आणि कौतिकाबाईंचं नाव

प्रिय मितू आणि सुजात,

मी आयुष्यात एकदाच एका निरपराध बाईवर मला मारायला निघाल्याचा आळ घेतला. हत्यार होतं गहू.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे मितूचा रविवारचा फोन. डॉक्टरांनी तिचा गहू बंद केला, चार महिने ती छान राहिली आणि मग मैत्रिणीच्या वाढदिवसाला केकचा एक तुकडा खाऊन दोन दिवस अंथरुणात पडली. मागून तुमच्या आईचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "आधी रोज पाव खात होतीस तेव्हा काही झालं नाही, आता एका तुकड्यानं काय होतंय? मनाचे खेळ आहेत सगळे!" आई मुलीला रागावत असताना आजीनं मध्ये बोलू नये, असा माझा नियम आहे. पण पत्र लिहू नये असा नियम नाही.

मितू, मनाचे खेळ नाहीत. मला विचार. तुझ्या आईला यातलं काही ठाऊक नाही, कारण ती तेव्हा नागपूरला वसतिगृहात होती आणि मी तिला दर आठवड्याला 'प्रकृती ठीक' एवढंच लिहीत असे. (खोटं लिहिण्याचा माझा तेवढाच काय तो अनुभव.)

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तुमचे आजोबा वनखात्यात रेंजर होते आणि मी धानोऱ्याला मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. वडिलांनी मला मिशनच्या शाळेत घालून इंग्रजी शिकवलं होतं, पुढे मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले, आणि ही गोष्ट मी धानोऱ्यात कुणालाही विसरू देत नव्हते. तिथे सगळे भात खात. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भाताची पेज. मी मात्र नागपूरहून गव्हाची पोती मागवून तिन्ही त्रिकाळ पोळी खात असे. पोळीशिवाय जेवण म्हणजे मला सहीशिवाय अर्ज वाटायचा!

आमच्याकडे स्वयंपाकाला कौतिकाबाई होत्या. माझ्याच वयाच्या, विधवा, हात पोलादासारखे. घरचं काम सांभाळून त्या गावातल्या लग्नांत भात रांधायला जात. पाचशे पानांचा भात, एक शीत कच्चं नाही की एक शीत करपलेलं नाही. त्यांना गोल पोळी लाटायला शिकवायला मला दोन वर्षं लागली होती.

"बाई, गोल नाई झाली तं पोटात जाऊन का चौकोनी होते?" त्या विचारायच्या.

"कौतिकाबाई, शिस्त असते प्रत्येक गोष्टीला."

"हो जी. शिस्त तुमाले, अन् चटके मले."

शिस्तीच्या या पोळ्या खाऊन माझं पोट मात्र बारा महिने कुरकुरत असे. फुगायचं, दुखायचं, पण इतकं सवयीचं झालं होतं की मला वाटायचं, सगळ्यांचंच पोट असं असतं, बाकीचे बोलत नाहीत एवढंच. फार झालं की कोमट पाण्यात पाव चमचा हिंग घालून प्यायचा. हा आमच्या माहेरचा उपाय. कौतिकाबाई स्वयंपाकात हिंग घालत नसत ("लसूण असतानी हिंग काऊन पाह्यजे जी?"), म्हणून हिंगाची डबी माझ्या कपाटात, माझ्या किल्लीत.

पुढे मी वाळत चालले. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. आजोबांनी मला जीपमध्ये घालून एका दूरच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर दक्षिणेकडचे, उंच, आणि हिंदी-मराठीची मिसळ बोलणारे. त्यांनी रक्त तपासलं, जीभ पाहिली आणि म्हणाले, "गेहूं बंद. रवा, मैदा, शेवई, बिस्कुट, सब बंद. गव्हात ग्लुटेन म्हणून एक चिकट चीज असते, तुमच्या आतड्याला ती चालत नाय. आणि प्रत्येक डब्यावर काय लिवलंय ते वाचत जा."

"डॉक्टर," मी म्हणाले, "मी इंग्रजीची एम.ए. आहे."

"अच्छा है," ते म्हणाले. "तरी वाचा."

घरी येऊन मी कौतिकाबाईंना गंभीरपणे बातमी सांगितली. मला वाटलं, त्या हळहळतील.

"म्हंजे आता तुमी भात खान?"

"हो."

"मंग बिमारी कोनती झाली? हे तं बरं झालं!"

आणि खरंच बरं झालं. तीन महिन्यांत माझ्या गालांवर मांस आलं. पोट गप्प झालं. इतकं गप्प, की सुरुवातीला मला रात्री झोप येईना, काहीतरी हरवल्यासारखं वाटे. हिंगाची डबी कपाटात पडून राहिली. मी तांदळाच्या भाकरी खाल्ल्या, मोहफुलं घातलेली खीर खाल्ली, आणि कौतिकाबाई मला पोरीसारखं समोर बसवून वाढत राहिल्या. ते तीन महिने अजून आठवतात. चुलीचा धूर, ताज्या भाताचा वास, आणि "अजून एक मूठ घ्या, बाई, हाडं झाकून राह्यली आता" असं म्हणणारा तो आवाज.

मग शाळेत इन्स्पेक्टर आले.

इन्स्पेक्टरांसमोर चहा आणि बशीत बिस्किटं. ते म्हणाले, "घ्या ना मॅडम, तुम्ही घेतल्याशिवाय आम्ही कसं घ्यावं?" मी मनात हिशोब केला : बेचाळीस वर्षं मी गहू खाल्ला आहे, एका बिस्किटाची काय बिशाद? आणि खाल्लं. साहेब जाईपर्यंत मी खुर्चीत ताठ बसले. जीप वळणाआड गेली आणि मी मुलींच्या स्वच्छतागृहाकडे अशी धावले की मैदानावरच्या मुलींना वाटलं शर्यत सुरू झाली, दोघीतिघी मागोमाग धावत आल्या!

पूर्वी आख्खा पुडा खाऊनही नुसतं फुगणारं पोट आता एका बिस्किटानं मला जमिनीवर आणत होतं. मला कळेना. आजोबांना तर त्याहून कळेना.

"अगं, आधी तर दिवसाला नऊ पोळ्या पचवत होतीस."

"पचवत नव्हते. सोसत होते."

आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. ते हसले. "रोज मार खाणाऱ्याला मार कळत नाय. तीन महिने सुखात राहिला, की टिचकी पण लागते. नेमकं का, ते आम्हाला पण पूरा माहीत नाय. पण खूप पेशंट हेच सांगतात. अब थोडा भी नहीं." मितू, हे वाक्य तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखव.

आता तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. थोडंसुद्धा नाही म्हटल्यावर मी थोडंसुद्धा नाही याची मोहीम काढली. गव्हाचा डबा कुलपात गेला. आजोबांच्या पोळ्यांचं पोळपाट-लाटणं वेगळं झालं, मग आजोबाच वेगळे झाले. म्हणजे त्यांनी व्हरांड्यात बसून पोळी खायची, हात धुवायचे, चूळ भरायची, शर्ट झटकायचा आणि मगच घरात यायचं. एक रेंजर स्वतःच्या घराच्या पायरीवर बसून जेवतोय म्हणून येणारे-जाणारे लोक त्यांच्याकडे दयेनं बघत. एकानं तर विचारलंही, "साहेब, बाईसंगं भांडन झालं का?"

मग मी चक्कीवर गेले. चक्कीवाले दौलतभाऊ, मोठ्या मिशांचे, तितक्याच मोठ्या आवाजाचे.

"दौलतभाऊ, माझे तांदूळ दळायच्या आधी चक्कीत गव्हाचा कणही राहता कामा नये."

"आता चक्कीले का साबण लावून आंघोळ घालू, बाई?"

शेवटी ठरलं की माझे तांदूळ सोमवारी सकाळी पहिले दळायचे, आणि त्याआधी आमचेच दोन शेर तांदूळ नुसते फिरवून त्यांच्या गायीला घालायचे. दौलतभाऊंची गाय त्या वर्षी फार सुरेख दिसायला लागली. मी नाही.

कारण इतकं सगळं करूनही माझं पोट पुन्हा बिघडलं होतं! आणि आता रोज. जेवून तास झाला की कळा. मी वहीत लिहायला लागले : काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, किती वाजता पडले. वहीत फक्त भात, वरण, भाजी. मग गहू येतोय कुठून? (बिस्किटाच्या प्रकरणानंतर मी खबरदारी म्हणून दोन्ही जेवणांआधी हिंगाचं पाणी घ्यायला लागले होते. ते वहीत लिहिलं नव्हतं. औषध कुणी खाण्यात धरतं का?)

आठवडाभरानं मी तर्क लढवला. गहू येतोय. मी आणत नाही. आजोबा पायरीवर. उरलं कोण?

त्या दिवशी दोन शिक्षिका प्रश्नपत्रिका घेऊन घरी आल्या होत्या. कौतिकाबाईंनी ताट आणलं. त्यांच्या लुगड्याच्या काठाला पीठ लागलेलं मी पाहिलं आणि माझा तोल गेला.

"कौतिकाबाई, खरं सांगा. भातात काय घातलं?"

"भातात?" त्या गोंधळल्या. "भातात भात घातला, बाई."

"मला बरं वाटावं म्हणून तुम्ही चोरून गहू खाऊ घालताय. तुम्हाला माझा आजार खरा वाटत नाही."

"मले वाटो का नाई वाटो, तुमच्या ताटात मी काऊन घालन?"

"मग मी रोज पडते कशी? माझ्या जेवणात कुणीतरी काहीतरी घालतंय!"

शिक्षिका एकमेकींकडे बघायला लागल्या. कौतिकाबाईंनी हातातला डाव चुलीशेजारी ठेवला, अगदी हळू, जणू तो काचेचा आहे.

"बाई," त्या म्हणाल्या, "हे बोलाले नाई पाह्यजे होतं तुमी." आणि गेल्या.

मला वाटलं, राग आला असेल, दोन दिवसांनी येतील. इतकं शिकून मला एवढं कळलं नव्हतं, की त्या जंगलपट्टीत एखाद्या एकट्या बाईबद्दल 'ती जेवणात काही घालते' म्हणण्याचा अर्थ फार वेगळा घेतला जातो. संध्याकाळपर्यंत ते वाक्य हातपंपावर पोहोचलं, आणि सकाळपर्यंत त्यात गहू उरलाच नव्हता. उरली होती करणी. दर शनिवारी मुलींना अंधश्रद्धेवर भाषण देणारी मी, आणि गावाला करणीचा पुरावा पुरवला कुणी? मीच!

तिसऱ्या दिवशी दौलतभाऊ दारात. त्यांच्या मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर होतं आणि भाताचं काम कौतिकाबाईंकडे होतं.

"बाई, एकच सांगा. तिनं घातलं का नाई? पाचशे पान उठनार हाय. बुढे लोक म्हणून राह्यले, तिले काढ."

"अहो दौलतभाऊ, मी गव्हाबद्दल बोलत होते. गव्हात ग्लुटेन नावाचा पदार्थ..."

"म्हंजे खान्यात काई तरी होतं, हे खरं?"

मी आणखी समजावायला गेले, आणि जितकं समजावत गेले तितकं ते ग्लुटेन करणीच्या देवतेसारखं ऐकू यायला लागलं. त्या आठवड्यात दुसऱ्या एका लग्नघरानंही कौतिकाबाईंना निरोप पाठवला : येऊ नका. भात रांधण्यात जिचा सगळा मान आणि वर्षाचं निम्मं पोट होतं, तिच्या हातचं आता गावात कुणी पाणीही घेईना.

इकडे मी स्वतः रांधत होते. आणि, लक्ष द्या, आणखी जास्त आजारी पडत होते! हिंगाचा पाव चमचा आता अर्धा झाला होता. वहीनं मला सरळ सांगितलं : कौतिकाबाई घरात नाहीत, तरी तू पडते आहेस. मला स्वतःच्या अक्षराची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी त्यांच्या घरी जाणार होते, पण तिथवर चालत जायची ताकद नव्हती. तेव्हा त्याच आल्या. आजोबांनी बोलावलं नव्हतं, कुणीच नव्हतं. उंबऱ्याबाहेर फतकल मारून बसल्या.

"मी कायलेच हात नाई लावत. तुमी रांधा, मी पाह्यतो."

"कौतिकाबाई, माझं चुकलं. मी..."

"ते मंग. आधी तांदूळ धुवा."

मी धुतले. भात टाकला. वरण शिजवलं. लसणाची फोडणी दिली. त्या मांजरीसारख्या प्रत्येक हालचालीकडे बघत होत्या. मग ताट वाढायच्या आधी मी कपाट उघडलं, पिवळी डबी काढली आणि कोमट पाण्यात अर्धा चमचा ढवळला.

"ते काय हाय?"

"हिंग. औषध आहे."

"आना इकडं." त्यांनी चिमूट तळहातावर घेतली, थुंकीनं ओली केली, अंगठ्यानं चोळली. मग अंगठा उचलला. हातातून बारीक तार निघाली. "बाई, दोन वरसं तुमी माह्याकडून कनीक तिंबून घेतली. हे मले अंधारात समजते. हे पीठ हाय."

"छे! हिंग आहे तो. नागपूरचा."

"नागपूरचं पीठ हाय मंग. डबीवर काय लिवलं हाय? मले कुठी वाचता येते."

मी चष्मा लावला. डबीच्या बुडाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, की यात डिंक आहे, गव्हाचं पीठ आहे, आणि शेवटी, उपचारापुरता, हिंग आहे.

त्या वस्तीत इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली मी एकटीच बाई होते. आणि ती डबी माझ्याच कपाटात, माझ्याच किल्लीत होती. पोट दुखलं की गहू, गहू घेतला की पोट दुखे!

मी उंबऱ्यापाशी जाऊन बसले. कौतिकाबाईंना हसू फुटलं, आणि खांद्यापासून सुरू होऊन ते पोटापर्यंत गेलं. "म्हंजे बाई, तुमच्यावर तुमीच करनी करून राह्यल्या होत्या!"

मी तशीच आजोबांचा हात धरून चक्कीवर गेले आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर दौलतभाऊंना डबी दाखवली.

"हिंगात गहू?" ते म्हणाले. "मंग मिठात ज्वारी असन!"

कुणाचा विश्वास बसेना. उलट माझ्याकडे अशा नजरा, जणू मी भीतीपोटी शब्द फिरवते आहे. शेवटी दौलतभाऊच म्हणाले, "बोलून नाई होत, बाई. लग्नात या. पहिल्या पंगतीत तिच्या हातचं जेवा, अन् सांजवरी मांडवात बसा, सगळ्याईच्या समोर. तुमाले काई नाई झालं, तं तिचं नाव साफ. झालं, तं..."

म्हणजे कौतिकाबाईंची अब्रू आता माझ्या पोटात होती. आणि माझं पोट कसं होतं, ते तुम्ही वाचलंच आहे.

पंधरा दिवस मी हिंगाकडे पाहिलं नाही. लग्नाच्या दिवशी कौतिकाबाईंनी आपली चूल मांडवापासून लांब, पुऱ्यांच्या कढईपासून आणखी लांब मांडली आणि स्वतः राखण करत बसल्या. जांभळीच्या डहाळ्यांचा हिरवा मांडव, उन्हाचा कहर. वंदना म्हणून झाली, फुलं उधळली, हार घातले गेले, आणि नवरा-नवरीकडे कुणी पाहत नव्हतं! पाचशे माणसं माझ्या पत्रावळीकडे पाहत होती.

मी जेवायला लागले. एक मूद संपली.

"आनखी वाढा बाईले," एक बुजुर्ग म्हणाले. "एवढ्यानं का समजते?"

दुसरी मूद. तिसरी. वरण, वांग्याची भाजी, पुन्हा भात. चौथ्या मुदीला कौतिकाबाई वाकून कानात म्हणाल्या, "बाई, खावा. मले आनखी दोन लगनं हायत."

खाल्लं.

मग मांडवाच्या मधोमध मला खुर्चीत बसवलं. आजोबा घड्याळ घेऊन शेजारी. दर अर्ध्या तासानं कुणीतरी यायचं. "बाई, काई होऊन राह्यलं का?" "नाही." मला एकदा उचकी लागली, तर वाजंत्रीवाले थांबले! दौलतभाऊंच्या आईनं, नव्वदीच्या म्हातारीनं, काठी टेकत येऊन सर्वांसमक्ष माझं पोट दोन्ही हातांनी दाबून पाहिलं आणि जाहीर केलं, "नरम हाय!" मांडवात समाधानाची कुजबुज पसरली. एम.ए.च्या पदवीदानालाही माझं एवढं कौतुक झालं नव्हतं.

कळ एकही नव्हती. पण चार मुदी भात, चैत्रातली दुपार आणि ताठ पाठीची खुर्ची! आडवं होणं शक्य नव्हतं. आडवी झाले असते, तर कौतिकाबाई संपल्या असत्या. मी डोळे उघडे ठेवायला पाढे म्हणाले, इंग्रजी कविता म्हणाल्या. तीनच्या सुमाराला माझी मान छातीवर कोसळली.

"पडल्या! बाई पडल्या!"

सगळा मांडव उठला. कौतिकाबाई हातात डाव घेऊन चुलीकडून धावत आल्या. म्हातारीनं सगळ्यांना काठीनं मागे सारलं, माझ्या तोंडाजवळ कान नेला, आणि असं ओरडली की मी जागी झाले.

"काई नाई झालं! घोरून राह्यली!"

पाचशे माणसं हसली. त्या हशातच कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "वाढा रे दुसऱ्या पंगतीले, कौतिकाबाईचा भात वाढा!" आणि माणसं पानांवर बसली. कौतिकाबाई तिथेच उभ्या होत्या. पदरानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, मग मला म्हणाल्या, "एवढ्या मोठ्यानं घोरता तुमी? साहेब पायरीवर काऊन बसत होते, ते आज समजलं."

मितू, गहू खाऊ नकोस. सुजात, डबीवरची अक्षरं वाच.

कौतिकाबाई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची सून धानोऱ्याच्या लग्नांत भात रांधते आणि मला बोलावणं येतं. मी जाते, पहिल्या पंगतीत बसते. आणि जेवण झाल्यावर, अगदी स्वतःच्या घरी दार लावून घेतलेलं असलं तरी, संध्याकाळपर्यंत आडवी व्हायची माझी आजही हिंमत होत नाही.

तुमची,
आजी